बिगारी : सूस गावची एक फेरी

पुण्याच्या विद्यापीठ चौकातून पाषाण रस्त्याला लागायचे, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे आवार मागे टाकायचे, पाषाण गाव आणि सुतारवाडी ओलांडली की मुंबई-बंगळूर महामार्ग आडवा येतो. त्याच्या पलीकडे टेकड्यांच्या कडेला सूस गाव आहे. तालुका मुळशी, तालुक्याचे ठिकाण पौड. आंबेमोहोर तांदळासाठी नावाजलेला हा मुलूख. पुण्यातील जुन्या माणसांच्या लेखी सूस म्हणजे शहर संपल्यानंतरचे गाव.

आता शहर संपतच नाही. 30 जून 2021 रोजी राज्य शासनाने पुणे महापालिकेच्या हद्दीत 23 गावे घेतली, त्यात सूस आणि शेजारचे म्हाळुंगे ही दोन्ही आली. नदीपलीकडे हिंजवडीच्या संगणक कंपन्या, तिकडे लवळ्याच्या डोंगरावर मोठे विद्यापीठ, आणि या दोहोंच्या मध्ये सूस. त्यामुळे जमिनीला सोन्याचा भाव आला. टेकडीच्या उतारावर वीस-वीस मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या आणि अजून राहत आहेत. क्रेन फिरत असतात, काँक्रीटचे मिक्सर घरघरत असतात, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना फ्लॅटच्या जाहिरातींचे फलक झळकत असतात.

आम्ही काही मंडळी हिवाळ्यातला एक दिवस या गावात आणि गावाच्या भोवताली हिंडलो. इमारती पाहायला नव्हे, त्या उभारणारी माणसे पाहायला. त्या फेरीत आमच्या मनात एक शब्द घर करून बसला. तो शब्द सांगण्यासाठीच हा लेख.

एका शब्दाची गोष्ट

बांधकामावर गवंडी असतो, सेंट्रिंगवाला असतो, सळई बांधणारा असतो. या सगळ्यांच्या हाताखाली पाट्या टाकणारा, वाळू चाळणारा, विटा वाहणारा जो माणूस असतो, त्याला आपण काय म्हणतो? बिगारी. "दोन गवंडी, चार बिगारी लागतील," असे ठेकेदार सहज बोलून जातो. आपल्या घरातही हा शब्द नवा नाही. आपल्यापैकी कित्येकांचे वडील, आजोबा मुंबई-पुण्यात आले तेव्हा बिगारी म्हणूनच कामाला लागले होते.

पण वाचकहो, या शब्दाचा मूळ अर्थ काय? बेगार हा फारसी शब्द. बेगार म्हणजे मोल न देता करून घेतलेले काम. त्याला आपल्याकडचा जुना 'वेठ' शब्द जोडला की वेठबिगार होते. म्हणजे ज्या कामाला भारतीय राज्यघटनेच्या कलम 23 ने साफ मनाई केली आहे, त्याच कामाचे नाव आपण आजही कष्टकऱ्याला देतो. मजुरी मिळू लागली, पण नाव बिगारीच राहिले.

नाव राहिले म्हणून काय बिघडले, असे कोणी विचारील. नावापुरते असते तर काही बिघडले नसते. पण काही ठिकाणी नावाबरोबर वस्तूही शिल्लक राहिली आहे. ती ओळखायची कशी, हाच खरा प्रश्न आहे.

आपल्या घरचा इतिहास

गुलाम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आफ्रिकेतून साखळदंडांत बांधून नेलेला माणूस उभा राहतो. तो खराच होता. अमेरिकेत त्याला 1865 मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून मुक्त करण्यात आले. महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक पुण्यातून काढले आणि ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. सातासमुद्रापलीकडच्या गुलामाचे आणि इथल्या शूद्रातिशूद्राचे दुःख एकच आहे, हे त्यांनी त्या काळी ओळखले.

आपल्या मुलखातही माणसांची खरेदी-विक्री होत होती. पेशवाईच्या कागदपत्रांत कुणबिणी आणि बटकी विकत घेतल्याच्या, दिल्याच्या नोंदी आहेत. इंग्रजांनी 1843 च्या कायद्याने गुलामीची न्यायालयीन मान्यता काढून घेतली. पुढे 1860 च्या दंडसंहितेत माणूस विकणे-घेणे गुन्हा ठरला. कागदावर गुलामी संपली.

आणि गावात? गावात महार वतन होते. 1874 च्या वतन कायद्याने तर त्याला सरकारी शिक्काच मिळाला. सरकारी टपाल पोहोचवायचे, अंमलदाराच्या घोड्यापुढे धावायचे, खजिन्याबरोबर चालायचे, चावडी झाडायची, मेलेले जनावर ओढायचे, मयताचा सांगावा घेऊन भर उन्हात गावोगाव जायचे. मोबदला काय? तुकडाभर इनाम जमीन, बलुत्याचे चार दाणे आणि दारोदार मागून आणलेली शिळी भाकरी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, तेव्हा त्यांनी हेच दाखवून दिले की वतनदार महाराला चोवीस तासांत कोणत्याही वेळी बोलावले जाते, आणि तो घरी नसेल तर त्याच्या बापाला किंवा घरातील दुसऱ्या कोणाला कामाला जुंपले जाते. ते विधेयक त्या वेळी पार पडले नाही. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा झाला तो 1958 मध्ये. 1843 पासून मोजले तर 115 वर्षे!

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. वतनदार महाराच्या पायात बेडी नव्हती. त्याला कोणी बाजारात विकत नव्हते. उलट, त्याच्याकडे जमीन होती आणि वतनाचा मानही आहे असे त्याला वाटायला लावले होते. तरीही तो मोकळा नव्हता, कारण तो काम सोडून जाऊ शकत नव्हता. जमिनीच्या तुकड्याने त्याला बांधले होते. म्हणून बाबासाहेब वतनाच्या मुळावर घाव घाला म्हणून सांगत राहिले. गुलामाला गुलामीची जाणीव करून देण्याविषयीचे त्यांचे वाक्य आपल्या घराघरांत पाठ आहे. ती जाणीव व्हावी लागते, कारण बेडी नेहमी लोखंडाचीच असते असे नाही.

'फिटलं की जाऊ'

सूसला परत येऊ. इथल्या मजुरांत दोन प्रकार आम्हांला दिसले आणि त्यांतला फरक समजून घेणे जरुरीचे आहे.

पहिला नाक्यावरचा मजूर. सकाळी डबा घेऊन तो नाक्यावर उभा राहतो. ठेकेदार येतो, दर ठरतो, संध्याकाळी पैसे हातात पडतात. कधी काम मिळते, कधी मिळत नाही. त्याचे हाल आहेतच, त्याची पिळवणूकही होते. पण मालक शिवीगाळ करू लागला तर घमेले टाकून तो निघून जाऊ शकतो. उद्या दुसऱ्याकडे. तो गरीब आहे, पण बांधलेला नाही. प्रत्येक गरीब कामगाराला गुलाम म्हणणे बरोबर नाही. तसे म्हटले तर खरा बांधलेला माणूस त्या गर्दीत हरवून जातो.

दुसरा मजूर साइटवरच राहतो. पत्र्याच्या खोल्यांची रांग, एका खोलीत एक कुटुंब किंवा पाच-सहा पोरे, पाण्याला एक टाकी. बिहार, झारखंड, छत्तीसगड, बंगालपासून आमच्या नांदेड-लातूर-यवतमाळपर्यंतची माणसे अशा वसाहतींत राहतात. यांतलेही पुष्कळजण रीतसर मजुरी घेऊन मोकळेपणाने राहतात. पण काहीजण मुकादमाची उचल घेऊन आलेले असतात. अशाच एका बाईशी आमचे बोलणे झाले. नांदेडकडची होती. कडेवर मूल, डोक्यावर चुंबळ. तिचे आणि ठिकाणाचे नाव आम्ही मुद्दामच देत नाही.

"ताई, गावाकडं कधी जाणार?" आम्ही विचारले.

"फिटलं की जाऊ."

"किती राहिलंय?"

"ते मुकादमालाच ठावं. वही त्याच्यापाशी हाय."

एवढेच ती बोलली आणि घमेले उचलून चालू लागली. वाचकहो, "फिटलं की जाऊ" या तीन शब्दांत आजच्या गुलामीची सगळी व्याख्या आली. वतनदाराला जमिनीच्या तुकड्याने बांधले होते, या बाईला उचलीने बांधले आहे. आणि दोघांच्याही बाबतीत वही दुसऱ्याच्या हातात.

उचलीचा हिशेब

उचल म्हणजे कामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम. लग्न, आजारपण, दुष्काळ, बियाणे, घराचे छप्पर यांसाठी ती घेतली जाते. घेताना मुकादम देवासारखा वाटतो. मुळशी तालुक्यात मारुंजी, नेरे, जांबे या पट्ट्यात वीटभट्ट्या आहेत. पावसाळा संपला की भट्ट्या सुरू होतात आणि पुढच्या पावसाच्या तोंडापर्यंत चालतात. वीटभट्टीच्या धंद्यात हा उचलीचा हिशेब कसा बसवतात ते पाहू. पुढील आकडे केवळ समजावून सांगण्यासाठी घेतले आहेत.

समजा, एका जोडप्याने 60,000 रुपये उचल घेतली. हंगाम 28 आठवड्यांचा. दर आठवड्याला खाण्यापिण्यासाठी 1,500 रुपये खर्ची मिळते, म्हणजे 42,000 रुपये. एकूण नावावर पडले 1,02,000. नवरा-बायकोने मिळून 1,20,000 विटा थापल्या. दर हजारी 800 रुपये. कमाई झाली 96,000. अंगावर बाकी राहिली 6,000. त्यात मधल्या आजारपणाचे 5,000 घाला. झाले 11,000. म्हणजे पहाटेच्या अंधारापासून राबून, हंगाम संपल्यावर हातात काही नाही आणि डोक्यावर 11,000 रुपये. ही बाकी फेडायला पुढच्या वर्षी त्याच भट्टीवर यायचे आणि पावसाळ्यात जगायला पुन्हा उचल घ्यायची.

आता आठवड्याचे सहा दिवस धरून दोघांची मिळून 336 दिवसांची मजुरी काढा. माणशी रोज 286 रुपयेसुद्धा पुरे पडत नाहीत. शिवाय गारा कालवणारी, विटा उलटवणारी, रचायला मदत करणारी लहान पोरे त्यात धरलेलीच नाहीत. बाईच्या नावाने वेगळा हिशेबच नसतो, ती 'जोडी'त जमा. ऊसतोडीतही तेच. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांनी कामात खाडा नको म्हणून गर्भाशय काढून घेतल्याच्या बातम्या 2019 मध्ये आल्या, तेव्हा सगळा महाराष्ट्र हादरला. खाड्याचा दंड उचलीत वाढतो, ही भीती त्यामागे होती.

कायदा काय म्हणतो

मजूर बांधलेला आहे की नाही, हे ठरवायला आपल्याकडे कायदा नाही असे नाही. चांगला कायदा आहे. 24 ऑक्टोबर 1975 रोजी वटहुकूम निघाला आणि त्याचा 1976 मध्ये वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा झाला. तो 25 ऑक्टोबर 1975 पासून लागू मानला जातो. या कायद्याने वेठबिगारीचे कर्जच रद्द केले. त्यापायी केलेला करार, मग तो तोंडी असो वा स्टॅम्प पेपरवर, रद्दबातल आहे. असे कर्ज वसूल करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि महत्त्वाचे म्हणजे, कर्ज वेठबिगारीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी मजुरावर नसून सावकारावर आहे. वही मुकादमाकडे असली तरी मजुराने घाबरायचे कारण नाही.

सर्वोच्च न्यायालयाने यापुढचे पाऊल टाकले. सूसच्या शेजारी म्हाळुंगे-बालेवाडीला जसे 1994 च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी क्रीडासंकुल झाले, तशी 1982 च्या आशियाई स्पर्धांसाठी दिल्लीत क्रीडांगणे आणि उड्डाणपूल उभे राहत होते. तिथल्या मजुरांची रोजची किमान मजुरी 9 रुपये 25 पैसे होती. त्यातला एक रुपया जमादार काढून घेत होता. एका रुपयाचा प्रश्न! पण न्यायमूर्ती भगवती यांच्या न्यायासनाने 1982 मध्ये सांगितले की, किमान मजुरीपेक्षा कमी पैशात काम करवून घेणे हीसुद्धा कलम 23 ने मना केलेली सक्तीची मजुरी आहे. कारण भूक हीसुद्धा सक्तीच आहे. पुढे 1983 मध्ये फरिदाबादच्या दगडखाणीतील मजुरांच्या खटल्यात न्यायालयाने म्हटले की, सक्तीने काम करवून घेतले जात असल्याचे दिसले तर त्यामागे उचल आहे असेच मानावे.

महाराष्ट्रातही या कायद्याने माणसे सुटली आहेत. वसई भागात श्रमजीवी संघटनेने 1980 च्या दशकापासून आदिवासी वेठबिगारांना सोडवण्याचा लढा दिला. पण काम संपलेले नाही. 2022 मध्ये नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यातील कातकरी मुले थोड्या पैशांच्या आणि मेंढराच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबायला दिल्याचे उघड झाले. कातकरी समाज मुळशीतही आहे. कालची गोष्ट नाही ही, आणि दूरच्या देशातलीही नाही.

जगात आणि आपल्या दारात

जगाचा आकडा पाहिला तर छाती दडपते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि तिच्या सहकारी संस्थांच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगात सुमारे 5 कोटी माणसे आधुनिक गुलामीत होती. त्यांत सुमारे 2 कोटी 76 लाख सक्तीच्या मजुरीत, तर 2 कोटी 20 लाख सक्तीच्या लग्नात. म्हणजे मनाविरुद्ध बोहल्यावर चढवलेल्या मुलीलाही जगाने या हिशेबात धरले आहे. आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

एकोणिसाव्या शतकात आपल्या कोकणातील माणसे 'गिरमिटा'वर अंगठा उठवून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेली. आज आपली पोरे एजंटाला पैसे भरून आखातात जातात, आणि तिथे पोहोचताच मालक पासपोर्ट काढून घेतो अशा तक्रारी येतात. 2022 पासून तर संगणकाच्या नोकरीचे आमिष दाखवून भारतीय तरुणांना म्यानमार-कंबोडियात कोंडून ठेवण्याचे आणि त्यांच्याकडून फसवणुकीचे धंदे करवून घेण्याचे प्रकार उघडकीस आले आहेत. शिकलेला मुलगाही त्यातून सुटलेला नाही. म्हणून परदेशी नोकरीसाठी घरातला मुलगा निघाला तर एजंट सरकारकडे नोंदलेला आहे का, हे आधी पाहा.

आता थोडे कडू बोलतो. सूसच्या त्या इमारतींत आज आपलेही काही लोक राहतात. शिकले, नोकरीला लागले, कर्ज काढून दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. त्याचा आम्हांला आनंदच आहे. काहीजण साइटवर सुपरवायझर आहेत, काहीजण स्वतः मजुरांच्या टोळ्या आणतात. त्यांना आमचा सवाल आहे. तुमच्या घरी कामाला ठेवलेली गावाकडची दहा-बारा वर्षांची पोर शाळेत जाते का? तिची मजुरी तिच्या हातात पडते की तिच्या बापाला आधीच दिलेल्या पैशांत वळती होते? तुमच्या टोळीतल्या माणसाचे आधार कार्ड कोणाच्या पेटीत आहे? ज्यांच्या आजोबांनी वतनाची भाकरी झुगारली, त्यांच्या नातवाने उचलीची वही काखेत मारून फिरावे, याहून लाजिरवाणी गोष्ट नाही.

कोणाला ओळखायचे, काय करायचे

कोणी बांधलेला आहे की नाही, हे ओळखायला मोठे शिक्षण लागत नाही. चार प्रश्न पुरेत. काम सोडून तो उद्या दुसरीकडे जाऊ शकतो का? त्याची मजुरी त्याच्याच हातात आणि किमान दराने पडते का? त्याचे कागदपत्र त्याच्याजवळ आहेत का? सणाला, मयताला त्याला घरी जाता येते का? यातल्या एकाचेही उत्तर 'नाही' आले तर चौकशी करा. आणि त्यामागे उचल निघाली तर तक्रार करा.

तक्रार जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे लेखी द्यावी. प्रत्येक जिल्ह्यात आणि उपविभागात या कायद्याखाली दक्षता समिती असावी लागते. मूल असेल तर 1098 या क्रमांकावर फोन करावा. मजूर अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागू होतो. वेठबिगारीत सापडलेल्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. सुटका झालेल्यांसाठी केंद्र शासनाची पुनर्वसन योजना आहे. प्रौढ पुरुषाला 1 लाख, स्त्रिया व मुलांना 2 लाख आणि अतिशय वाईट प्रकरणांत 3 लाख रुपयांपर्यंत साहाय्य तिच्यात ठरवलेले आहे. अर्ज लिहायला येत नाही म्हणून पुष्कळजण मागे राहतात. आपल्या महिला मंडळांनी आणि तरुण मंडळांनी हे एक काम तरी हाती घ्यावे.

आणि नुसते अर्जावर भागणार नाही. माणूस उचल घेतो तो हौसेने नव्हे, अडचणीला दुसरा कोणी पैसे देत नाही म्हणून. वस्तीत बचत गट चालत असेल, आजारपणाला पाच-दहा हजार तिथूनच मिळत असतील, लग्नाचा खर्च आपण ठरवून कमी केला असेल, तर मुकादमाच्या दारात जायची पाळीच येत नाही. वीस रुपयांच्या साप्ताहिक बचतीची वही घरात असली, की दुसऱ्याच्या वहीत आपले नाव चढत नाही.

सूसच काय, कुठल्याही गावात, कुठल्याही बांधकामावर, वीटभट्टीवर किंवा उसाच्या फडात कोणी तुम्हांला "फिटलं की जाऊ" असे म्हणाले, तर त्या बाईजवळ, त्या भावाजवळ दोन मिनिटे थांबा आणि सांगा, "बाई, तुला बांधून ठेवणारं कर्ज कायद्यानं 1975 सालीच फेडून टाकलंय. तू आजच जाऊ शकतेस. तक्रारीला आम्ही तुझ्याबरोबर येतो."